'रोजची भाकर' यातल्या 'रोज'साठी मूळ ग्रीकमध्ये कोणता शब्द आहे?

चुलीपुढे
नमस्कार मंडळी,
आमचं नगर जिल्ह्यातलं चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. रात्री जेवायच्या आधी प्रभूची प्रार्थना होते. आजी असताना ती भाकरी थापता थापताच म्हणायची. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ आली की तिचा पिठाचा हात काठवटीत क्षणभर थांबायचा, मग पुन्हा थापणं सुरू.
परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, रोजची म्हटलं की त्यात आजची आलीच ना? मग 'आज' परत कशाला म्हणायचं?" मला उत्तर सुचेना. ती झोपल्यावर शब्दाखाली शब्द अर्थ दिलेला ग्रीक नवा करार उघडून बसलो. 'रोजची'च्या जागी 'एपिऊसिओस' असा शब्द दिसला. कोशात त्याचे तीन-चार अर्थ आहेत आणि एकाचीही खात्री दिलेली नाही. दोन हजार वर्षं जगभर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेतल्या शब्दाचा अर्थ पक्का नाही, हे कसं? जाणकारांनी सांगावं. ग्रीक शब्दांच्या इतर गमतीही येऊ द्या.

रानभूल
वाचतोय. मुलीचा प्रश्न फार आवडला.

अक्षरवेडी
चुलीपुढे, तुम्ही नवा करारातल्या सगळ्यात अवघड शब्दावर बोट ठेवलंय.
हा शब्द मत्तय ६:११ आणि लूक ११:३ या शुभवर्तमानांतल्या (येशूच्या चरित्रांतल्या) दोनच ठिकाणी येतो, दोन्हीकडे याच प्रार्थनेत. त्याआधीच्या ग्रीक साहित्यात तो सापडत नाही. ओरिजेन हा तिसऱ्या शतकातला विद्वान. ग्रीक ही त्याची स्वतःची भाषा. त्यानेही लिहून ठेवलंय की हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. ज्याची ती मातृभाषा तोच अडला, तिथे आपली काय कथा!
फोड करून पाहिली तर 'एपि' म्हणजे वर, जवळ, साठी. पुढच्या भागाबद्दल वाद आहे:
'ऊसिया' (सत्त्व, अस्तित्व) धरला तर जगायला लागेल तेवढी भाकर. किंवा सत्त्वापलीकडची, म्हणजे आध्यात्मिक.
'असणे' हे क्रियापद धरलं तर 'असलेल्या दिवसाची', म्हणजे आजची.
'येणे' धरलं तर येणाऱ्या दिवसाची, म्हणजे उद्याची!
या तिसऱ्या फोडीला आधार आहे. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये 'ते एपिऊसे' असा शब्दप्रयोग येतो आणि तिथे त्याचा अर्थ सरळ 'दुसऱ्या दिवशी' असा आहे.
जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतराचं काम हाती घेतलं. त्याने मत्तयात या शब्दासाठी 'सत्त्वापलीकडची' अशा अर्थाचा लॅटिन शब्द योजला आणि लूकमध्ये 'रोजची' हा जुना शब्द राहू दिला. ग्रीक शब्द एकच, भाषांतरकार एकच, आणि अर्थ दोन. त्यानेच असंही नोंदवलंय की इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात त्याला इथे 'माहार' हा शब्द दिसला. माहार म्हणजे उद्या.
सिरियाक भाषेतल्या जुन्या बायबल-भाषांतरात, पेशित्तात, 'आमच्या गरजेची भाकर' असं आहे. मला मनापासून हेच भाषांतर भावतं.

चुलीपुढे
'उद्याची भाकर आज दे' असं वाचलं की मुलीची अडचणच उरत नाही! 'आज' हा शब्द मग जागेवर बसतो. ज्याला उद्याची खात्री नाही तो माणूस असंच मागेल. आमच्या आजोबांनी दुष्काळात खडी फोडलीय. आज हाताला काम मिळालं तर उद्या चूल पेटायची.

पोथीनिष्ठ
पण त्याच अध्यायाच्या शेवटी 'उद्याची चिंता करू नका' असं सांगितलंय. मग उद्याची भाकर मागायची कशी?
वाळवंटात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, तोही रोजच्यापुरताच गोळा करायचा होता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे. मला 'आजच्यापुरती' हाच अर्थ बरोबर वाटतो.

अक्षरवेडी
@पोथीनिष्ठ, निर्गम १६ नीट वाचा. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, कारण सातवा विसाव्याचा. तो साठवलेला मान्ना किडला नाही. 'उद्याची' मानणारे नेमकं तेच दाखवतात. तुमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण मान्नाचा दाखला दोन्ही बाजूंना चालतो.
आणखी एक. लूकमध्ये 'आज' नाही, त्या जागी 'दर दिवशी' असा वेगळा ग्रीक शब्दप्रयोग आहे. एपिऊसिओसचा अर्थही 'रोजची' धरला तर लूकच्या ओळीत तेच दोनदा येतं.

पपायरसप्रेमी
या शब्दाची एक गोष्ट सांगतो, मला फार प्रिय आहे.
फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने १८८८-८९ मध्ये इजिप्तमधल्या हवारा इथे खोदकाम केलं. तिथल्या पपायरसांमध्ये (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांमध्ये) एक घरखर्चाची यादी निघाली. अमुक इतक्याचं, तमुक तितक्याचं, अशी आपल्या किराणा वहीसारखी. १८८९ साली ती छापली तेव्हा वाचणाऱ्याने एका ओळीत 'एपिऊसि...' अशी अक्षरं लावली. पुढे अभ्यासकांच्या ते ध्यानात आलं आणि मोठा आनंद झाला. ओरिजेनलाही न भेटलेला शब्द एका गृहस्थाच्या खर्चाच्या यादीत! अर्थ लावला 'रोजचा शिधा', आणि तो कोशांत गेला.
पण पडताळून पाहावं तर मूळ पपायरसच गहाळ. सगळी भिस्त त्या एका छापील वाचनावर.
१९९८ मध्ये तो कपटा अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. पपायरस वाचण्यात मुरलेल्या लोकांनी तो पुन्हा वाचला. शब्द निघाला 'एलाइऊ'. म्हणजे तेलाचे. वाण्याकडच्या तेलाचा हिशेब होता तो!
तात्पर्य, एपिऊसिओस पुन्हा एकटाच.

रानभूल
अंगावर काटा आला. इतकी वर्षं कोशात बसलेला पुरावा म्हणजे तेलाचा खर्च.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहिते. आमच्या कोंकणी प्रार्थनेत 'आमचो दिसपट्टो गिरास आयज आमकां दी' असं म्हणतात. गिरास म्हणजे घास, संस्कृतातला ग्रास. ग्रीकमध्ये 'आर्तोस' आहे, म्हणजे पाव, रोटी. मराठीत त्याची भाकर झाली, कोंकणीत घास झाला. आमची माय शेवटचा घास ताटात ठेवू देत नसे. "तो मागून घेतलेला आहे," म्हणायची.

चुलीपुढे
मांडवीकाठ, 'मागून घेतलेला घास' हे लिहून ठेवतोय.

नवी_पालवी
इतर शब्दांचं चालेल म्हणालात म्हणून लिहितो. मागे एका प्रवचनात ऐकलं की ग्रीकमध्ये प्रेमाला चार शब्द आहेत आणि त्यातला 'आगापे' फक्त देवाच्या निःस्वार्थ प्रेमासाठी वापरतात. फार सुंदर वाटलं होतं. खरं आहे का?

अक्षरवेडी
सुंदर आहे, पण खरं नाही.
जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर ख्रिस्ताच्या आधीच झालेलं होतं. त्यात २ शमुवेल १३ मध्ये अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर 'प्रेम' करतो आणि मग तिच्यावर बलात्कार करतो. तिथे हेच क्रियापद आहे आणि हेच नामही. नव्या करारात २ तीमथ्य ४:१० मध्ये देमास जगाच्या 'प्रेमात' पडून प्रेषित पौलाला सोडून जातो. तिथेही आगापेचंच क्रियापद.
उलट योहान ३:३५ मध्ये पिता पुत्रावर प्रेम करतो त्याला 'आगापाओ' आणि ५:२० मध्ये तेच सांगताना 'फिलेओ'. लेखक एक, गोष्ट एक, शब्द दोन.

साधीसुधी
हे वाचून मला वाईट वाटलं. लहानपणापासून १ करिंथ १३ पाठ आहे. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे... मग ते सगळं खोटं का?

अक्षरवेडी
नाही हो ताई, उलट आहे. तिथलं प्रेम थोर आहे ते पौलाने तो अध्याय लिहिला म्हणून. त्याने एक साधा, सगळीकडे फिरणारा शब्द घेतला आणि तेरा ओव्यांत तो कसा भरला ते पाहा! श्रेय त्या ओव्यांचं आहे. कोशातून थोरवी उसनी आणायची गरज नाही.

साधीसुधी
हे पटलं. धन्यवाद.

खणखणीत_नाणं
मी या मताशी सहमत नाही. शब्दाची धातूपर्यंत फोड केल्याशिवाय खरा अर्थ हाती लागत नाही. 'एक्क्लेसिया' घ्या. 'एक' म्हणजे बाहेर, 'कालेओ' म्हणजे बोलावणे. जगातून बाहेर बोलावलेले ते चर्च. केवढा अर्थ आहे!
'हामार्तिया' म्हणजे नेम चुकणे. पाप म्हणजे नेम चुकणं. आणि 'दुनामिस' म्हणजे सामर्थ्य, डायनामाइट त्यावरूनच आला. शुभवर्तमान हे देवाचं डायनामाइट आहे!

मम्मटाचा_शेजारी
खणखणीत_नाणं साहेब, थोडं आपल्या घरात पाहू.
'प्रवीण' म्हणजे वीणावादनात तरबेज. 'कुशल' म्हणजे हात न कापता कुश तोडून आणणारा. आता 'प्रवीण शल्यविशारद' म्हटलं तर तो शस्त्रक्रियागृहात वीणा घेऊन जातो का? काव्यशास्त्रकार मम्मटाने 'कर्मणि कुशलः' हे उदाहरण देऊन हेच समजावलंय, की इथे कुश कापण्याशी संबंध उरलेला नाही, रूढीने अर्थ आलाय. आपल्याकडचा दंडकच आहे: योगाद् रूढिर्बलीयसी. व्युत्पत्तीपेक्षा वापर बळकट. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या शब्दांबाबत हाच मुद्दा मांडला, तेव्हा बरीच खळबळ उडाली होती.
एक्क्लेसिया ही अथेन्समधली नागरिकांची सभा होती. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात आरडाओरडा करणाऱ्या जमावालाही तोच शब्द आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण कशाला जमलोय हेच ठाऊक नव्हतं असं तिथे लिहिलंय. ते कुठे जगातून बाहेर बोलावलेले होते?
डायनामाइट नोबेलने १८६७ मध्ये केलं. पौल त्याच्या अठराशे वर्षं आधीचा. ग्रीक शब्द पुढे कुठे गेला त्यावरून तो आधी काय सांगत होता हे ठरत नाही.

खणखणीत_नाणं
वीणेचं उदाहरण बिनतोड आहे. पण 'नेम चुकणे' तर होमरमध्ये आहे ना? भाला चुकतो तिथे हेच क्रियापद.

मम्मटाचा_शेजारी
आहे. होमरमध्ये भाला चुकतो. शास्ते २०:१६ च्या ग्रीक भाषांतरातही आहे. तिथे सातशे डावखुरे गोफणदार केसावर दगड मारतील तरी चुकणार नाहीत. पण नव्या करारापर्यंत येताना तो 'पाप' या अर्थी इतका रुळला होता की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोफण येत नसावी.

संसारी_माणूस
एक्क्लेसियाला आपल्या मराठी बायबलमध्ये 'मंडळी' आहे. मी लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीच्या चर्चमध्ये गेलो. पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं, "ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली." माझ्या मावसभावाने हळूच विचारलं, "ख्रिस्ताचं लग्न झालं होतं?" त्याच्या घरी मंडळी म्हणजे वहिनी.

रानभूल
@संसारी_माणूस, इफिस ५ मध्ये मंडळीला ख्रिस्ताच्या वधूसारखंच मानलंय. तुमचा मावसभाऊ नकळत बरोबर बोलला!

मांडवीकाठ
आणि आमच्याकडे चर्चला 'इगर्ज' म्हणतात. पोर्तुगीज 'इग्रेजा', त्यामागे लॅटिन, त्यामागे हाच एक्क्लेसिया. अथेन्सच्या टेकडीवरची सभा माझ्या गावातल्या पांढऱ्या भिंतींपर्यंत आली. इंग्रजी 'चर्च' मात्र वेगळ्या ग्रीक शब्दाचा, 'कुरियाकोन', म्हणजे प्रभूचं.

पोथीनिष्ठ
उंटाचं कोणी सांगाल का? सुईच्या नेढ्यातून उंट जाणं सोपं, हे वचन. मी ऐकलंय की यरुशलेमेत 'सुई' नावाचा लहान दरवाजा होता आणि उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून जावं लागे.

पपायरसप्रेमी
असा दरवाजा त्या काळी होता याला पुरावा नाही. ही कथा फार नंतरची.
दुसरीही एक युक्ती आहे. 'कामेलोस' म्हणजे उंट, 'कामिलोस' म्हणजे जहाजाचा दोर. पुढच्या शतकांत ग्रीक उच्चारात दोन्ही सारखेच ऐकू यायला लागले, आणि काही हस्तलिखितांत 'दोर' आलाही आहे. पण जुन्या, भरवशाच्या प्रतींत उंटच आहे. बाबिलोनी तालमुदात (यहुदी धर्मगुरूंच्या शिकवणीच्या संग्रहात) सुईच्या नेढ्यातून हत्ती जाण्याची गोष्ट आहे. त्या मुलखात ही बोलण्याची रीतच होती. उंट उंटच राहू द्यावा. शिष्य थक्क झाले ते दरवाजा ठेंगणा होता म्हणून नाही.

सुतारपक्षी
माझा वडिलोपार्जित धंदा सुतारकीचा, म्हणून हा शब्द मला जवळचा. मार्क ६:३ मध्ये लोक येशूला 'तेक्तोन' म्हणतात. संस्कृतात सुताराला 'तक्षन्'. दोन्ही एकाच मुळाचे, भाषाशास्त्रात हे पक्कं मानतात. लाकूड तासणं, घडवणं. ग्रीकमध्ये घरबांधणीचं काम करणाऱ्यालाही तेक्तोन म्हणत. आमचे वडील दारं-खिडक्या, नांगर आणि छपराचे वासेही करायचे, तसाच.
वडील गेल्यावर त्यांची तासणी मी ठेवून घेतली. दांडा हाताच्या आकाराने झिजलाय. हा शब्द कळला त्या दिवशी ती काढून हातात धरून बसलो होतो.

मम्मटाचा_शेजारी
फार छान लिहिलंत. प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवातही आपल्याला परकी नाही. 'पातेर' म्हणजे पितृ, 'ओनोमा' म्हणजे नाम. मात्र एक फसवं साम्य: 'थेओस' आणि 'देव' यांचा संबंध नाही. देवाचा सख्खा नातेवाईक लॅटिन 'देउस', आणि 'झेउस' हा आपल्या 'द्यौः'चा.

केडगाव_फाटा
इतकं झालं आणि पंडिता रमाबाईंचं नाव आलं नाही! केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. सामान्य बायकांना कळेल अशी साधी मराठी हवी हा त्यांचा हट्ट होता. छपाईचं कामही तिथल्या स्त्रियांनी केलं. बाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ ला निघाला. त्याआधी मिशनरी विल्यम कॅरींचा मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला छापला होता. हे बंगालमधलं श्रीरामपूर बरं का, नगरचं नव्हे.
संस्कृत पाठशाळेत न जाता वडिलांकडून आणि आईकडून संस्कृत शिकलेली मुलगी उतारवयात ग्रीकची रूपं घोकते, यापुढे माझा तरी हात जोडला जातो.

चुलीपुढे
माझ्या आजीची आई केडगावला वाढली होती, एवढं घरात ऐकलंय. तिने रमाबाईंना पाहिलं असेल का, हे विचारायला आता कोणी उरलं नाही.

तर्ककठोर
एका शब्दावर एवढा काथ्याकूट? भाव महत्त्वाचा. अर्थ न कळताही आजी प्रार्थना करतच होती की.

चुलीपुढे
करत होती. पण आजीला अर्थ कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. काठवटीत पीठ किती उरलंय हे बघूनच ती ती ओळ म्हणायची. तिने कोशाशिवाय जे ओळखलं ते मला कोश उघडून शोधावं लागतंय, म्हणून विचारतोय.

तर्ककठोर
मान्य. माझा सूर चुकला.

प्रवासी_पाखरू
वधस्तंभावरचा शेवटचा शब्द 'तेतेलेस्ताइ', त्या काळी पावतीवर 'पूर्ण भरणा झाला' म्हणून हेच लिहीत, हे खरं का? आमच्या पाळकांनी सांगितलं होतं.

पपायरसप्रेमी
इजिप्तच्या फय्यूम भागातल्या जकातीच्या पावत्या मिळाल्यात. गाढवावर काय माल, किती जकात, असं लिहिलेल्या. त्यांची सुरुवात 'तेतेलोनेताइ' या शब्दाने होते, म्हणजे 'जकात भरली'. काही ठिकाणी तो 'तेतेल्' एवढाच आखडून लिहिलाय, त्यावरून हा घोळ झाला. योहान १९:३० चा शब्द वेगळा, 'तेलेओ'चा. मराठी बायबलमधलं 'पूर्ण झाले आहे' अगदी बरोबर आहे.

चुलीपुढे
मूळ प्रश्नावर परत येतो. काल रात्री मुलीला सांगितलं, की तो शब्द दुसरीकडे कुठेच नाही. त्याचा अर्थ 'आजची', 'उद्याची' किंवा 'गरजेपुरती' असू शकतो, आणि मोठमोठ्या लोकांचंही यावर एकमत नाही. तेलाच्या यादीची गोष्ट तिला सगळ्यात आवडली. मग म्हणाली, "गरजेपुरती असेल तर आजची पण आली आणि उद्याची पण." जेवायला बसलो तेव्हा ओळ नेहमीचीच म्हटली, पण 'आज' हा शब्द तिने जोर देऊन म्हटला.
आता तिचा पुढचा प्रश्न तयार आहे. 'तशी तू आमची ऋणे आम्हाला सोड' यात ऋण का? इंग्रजी शाळेत तिच्या मैत्रिणी 'अपराध' अशा अर्थाचा शब्द म्हणतात.

अक्षरवेडी
मत्तयाचा ग्रीक शब्द 'ओफेइलेमाता' आहे, म्हणजे शब्दशः देणी, कर्ज. लूकमध्ये त्या जागी 'हामार्तिया', पापं. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत 'होबा' या एकाच शब्दात कर्जही येतं आणि पापही. मत्तयातली मराठी ओळ ग्रीकला धरून आहे, तिला तसं सांगा.

सुतारपक्षी
आमच्या आजोबांचं सावकाराकडे गहाण पडलेलं रान होतं. ही ओळ ते बाकीच्या प्रार्थनेपेक्षा मोठ्याने म्हणायचे, असं वडील सांगत.